मॉरिशसला ‘छोटा भारत’ म्हणणाऱ्या संदेशाला उत्तर

दर काही महिन्यांनी एक संदेश नातेवाइकांच्या आणि सोसायटीच्या ग्रुपवर फिरून येतो. त्याचा सारांश असा: मॉरिशस हे भारताबाहेरचं हिंदू राष्ट्र आहे. आपले पूर्वज धाडसाने व्यापाराला गेले आणि ओसाड बेटावर त्यांनी नंदनवन फुलवलं. तिथे सगळे हिंदी बोलतात. आरक्षण नाही, फुकट काही मिळत नाही, म्हणून देश पुढे गेला. समुद्रकिनारे आणि करमाफी यांवर तो श्रीमंत झाला. आता तर अगालेगा बेटही त्यांनी भारताला देऊन टाकलं.

मॉरिशसबद्दल मलाही आपुलकी आहे. मुंबई बंदरातून तिथे गेलेल्यांत रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा भागातली माणसं होती. त्यांचे वंशज आजही गणपती बसवतात, आपल्या जाखडीशी नातं सांगणारी ‘झाकरी’ नाचतात, आणि गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. म्हणूनच हा संदेश मला टोचतो. ज्यांच्या नावाने अभिमान मिरवायचा, त्यांचंच आयुष्य तो पुसून टाकतो.

पहिला दावा, ओसाड बेट आणि व्यापारी पूर्वज. बेटावर मूळ वस्ती नव्हती, एवढंच यात खरं. मादागास्करच्या पूर्वेला सुमारे ८०० किलोमीटरवरचं हे ज्वालामुखीतून वर आलेलं बेट. डच १५९८ मध्ये तिथे उतरले आणि १७१० मध्ये कायमचे निघून गेले. १७१५ पासून फ्रेंच आले. पोर्ट लुईचं बंदर आणि शहर त्यांच्या काळात उभं राहिलं, आणि ते उभं केलं मादागास्कर, मोझांबिक आणि भारतातूनही पकडून आणलेल्या गुलामांनी. १८१० मध्ये बेट इंग्रजांच्या ताब्यात गेलं. १ फेब्रुवारी १८३५ ला गुलामगिरी संपली तेव्हा तिथे साठ हजारांहून अधिक गुलाम होते. नुकसानभरपाई मळेवाल्यांना मिळाली, गुलामांना एक छदामही नाही.

उसाच्या मळ्यांना नवे हात हवे होते, म्हणून भारतीय मजूर आणले गेले. २ नोव्हेंबर १८३४ ला ‘ॲटलस’ जहाजातून ३६ जण उतरले. १९२० पर्यंत हा आकडा साडेचार लाखांच्या पुढे गेला. पाच वर्षांचा करार, पुरुषाला महिन्याला पाच रुपयांच्या आसपास मजुरी, आणि एक दिवस गैरहजर राहिलं की दोन दिवसांचा पगार कापायचा. मळा सोडून रस्त्यावर सापडलेला माणूस भटक्या ठरवून तुरुंगात टाकता येई. १८७१ मध्ये आदोल्फ द प्लेवित्स या युरोपीय मळेवाल्याने हजारो मजुरांच्या वतीने अर्ज केला, त्यानंतर ब्रिटिश सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. हे लोक उतरले ती जागा ‘कुली घाट’ म्हणून ओळखली जाई. तीच आज ‘आप्रवासी घाट’ या नावाने जागतिक वारसा आहे. याला व्यापार म्हणणं हा त्या माणसांवर दुसऱ्यांदा केलेला अन्याय आहे.

त्यांची सुटका कोणी केली, हेही सांगायला हवं. १९०१ मध्ये गांधीजी काही दिवस तिथे थांबले, आणि पुढे १९०७ मध्ये बॅरिस्टर मणिलाल डॉक्टर तिथल्या भारतीय मजुरांचे खटले लढवायला गेले. पण मजूर पक्ष १९३६ मध्ये स्थापन केला तो डॉ. मोरिस क्युरे या क्रिओल, म्हणजे मुख्यतः आफ्रिकी गुलामांचा वारसा असलेल्या मिश्र वंशाच्या समाजातल्या, डॉक्टरने, आणि त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिलेले कामगार पुढारी एमान्युएल आंकेतील हेही क्रिओलच. १९४३ मध्ये बेल व्ह्यू हारेल मळ्यावर संपकऱ्यांवर गोळीबार झाला आणि अंजले कुपेन ही गरोदर मजूर स्त्री मारली गेली. तिचं नाव तिथल्या एका स्टेडियमला दिलं आहे. संदेश लिहिणाऱ्याला पूर्वजांचा अभिमान हवा असेल, तर तो इथे आहे.

दुसरा दावा, हिंदू राष्ट्र. २०११ च्या जनगणनेत हिंदू ४८ टक्क्यांच्या आसपास, ख्रिस्ती सुमारे एक तृतीयांश आणि मुस्लिम १७ टक्के होते. राज्यघटना कोणत्याही धर्माला राष्ट्रधर्म मानत नाही. शिवाय देश एकाच बेटाचा नाही. सुमारे ६०० किलोमीटर पूर्वेला रॉड्रिग्ज आहे. २००२ पासून स्वायत्त आणि स्वतःची विधानसभा असलेलं हे बेट जवळजवळ पूर्ण कॅथलिक आणि क्रिओल आहे. पहिले पंतप्रधान शिवसागर रामगुलाम हिंदू होते आणि त्यांच्यानंतरचे बहुतेक सगळेही हिंदू, हे खरं. पण २००३ ते २००५ या काळात फ्रेंच वंशाचे पॉल बेरांझे पंतप्रधान होते, आणि १९९२ मध्ये प्रजासत्ताक झाल्यावर लवकरच राष्ट्रपती झालेले कासम उतीम जवळपास दहा वर्षं त्या पदावर राहिले. आणखी एक गोष्ट आपल्याला चक्रावून टाकणारी आहे. तिथल्या रोजच्या बोलण्यात ‘हिंदू’ म्हणजे बहुधा भोजपुरी मुळाचे लोक. तमिळ, तेलुगू आणि मराठी हे वेगळे समाज म्हणून मोजले जातात, त्यांच्या संस्था आणि सण वेगळे. ज्या मराठी ग्रुपवर हा संदेश फिरतो, तिथे हे माहीत असायला हवं.

हिंदीचा दावा दोन ओळींत संपतो. बहुतेक घरांत फ्रेंचमधून घडलेली क्रिओल भाषा बोलली जाते, वर्तमानपत्रं मुख्यतः फ्रेंचमध्ये निघतात, संसदेची भाषा इंग्रजी आहे आणि सदस्य फ्रेंचमध्येही बोलू शकतात. हिंदी आणि मराठी शाळेत ऐच्छिक विषय म्हणून शिकता येतात, आणि मराठी टिकवणाऱ्या तिथल्या शिक्षकांविषयी मला मनापासून आदर आहे. पण दुकानात कुणी हिंदीत बोलेल म्हणून जाल तर उत्तर क्रिओलमध्ये मिळण्याची शक्यता जास्त.

‘आरक्षण नाही, फुकट नाही’ हा दावा मुद्दाम इथल्या भांडणासाठी घुसडलेला आहे, आणि तो पूर्ण उलटा आहे. तिथल्या संसदेत ६२ सदस्य निवडून येतात: २० मतदारसंघांतून प्रत्येकी ३ आणि रॉड्रिग्जमधून २. त्यापुढे आठपर्यंत जागा पराभूतांतल्या सर्वाधिक मतं मिळवणाऱ्यांना देता येतात. त्या देताना कोणत्या समाजाला कमी प्रतिनिधित्व मिळालं ते पाहिलं जातं, आणि त्यासाठी अजून १९७२ च्या जनगणनेचे आकडे वापरतात. ही व्यवस्था सदोष आहे, तिच्यावर तिथेच कडाडून टीका होते. पण ‘जात-धर्म न पाहणारा देश’ असं मॉरिशसला म्हणता येणार नाही. ‘फुकट’चं म्हणाल तर सार्वत्रिक वृद्धापकाळ पेन्शन १९५८ पासून आहे, माध्यमिक शिक्षण १९७७ पासून मोफत, सरकारी दवाखाने मोफत, विद्यार्थ्यांना आणि वृद्धांना बसचा प्रवासही मोफत. २०२५ च्या अर्थसंकल्पात पेन्शनचं वय टप्प्याटप्प्याने ६० वरून ६५ करण्याचं ठरलं तेव्हा मोठा विरोध झाला. आणि या साऱ्यानंतरही वाटा सगळ्यांना सारखा मिळाला नाही. १९९९ मध्ये काया हा लोकप्रिय क्रिओल गायक पोलीस कोठडीत मरण पावला आणि बेट पेटलं. गुलामांच्या वंशजांची मागे पडल्याची खदखद त्यात होती.

आता पैसा. १९६१ मध्ये अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांनी मॉरिशसच्या भवितव्याचं काळवंडलेलं चित्र रंगवलं होतं: वाढती लोकसंख्या आणि एकटी साखर. ते खोटं ठरलं ते धोरणांमुळे. १९७० मध्ये निर्यात क्षेत्राचा, म्हणजे निर्यातीसाठी माल बनवणाऱ्या कारखान्यांना सवलती देणारा कायदा झाला. त्यामागे एदुआर लिम फात या चिनी वंशाच्या मॉरिशियन उद्योजकाचा आग्रह होता. हाँगकाँगचं भांडवल आलं आणि हजारो बायका कापड गिरण्यांत कामाला लागल्या. १९७५ च्या करारामुळे युरोप ठरावीक साखर हमीच्या भावाने घेत राहिला. पर्यटन आणि वित्तसेवा यांनी त्यानंतर जोर धरला. करमाफीही अर्धसत्यच: तिथे आयकर आहे आणि १५ टक्के मूल्यवर्धित करही. भारताशी १९८२ मध्ये झालेल्या दुहेरी करआकारणी टाळण्याच्या करारातून भांडवली नफ्यावरचा कर चुकवण्याची वाट निघाली, हे मात्र खरं, आणि त्यात नुकसान आपल्याच तिजोरीचं झालं. २०१६ च्या दुरुस्तीने ती वाट बरीचशी बंद केली. त्यात अभिमानाने पुढे पाठवण्यासारखं काय आहे?

शेवटी अगालेगा. भारताने तिथे धावपट्टी आणि धक्का बांधला, २०२४ च्या फेब्रुवारीत उद्घाटन झालं. बेट मॉरिशसचंच आहे. जमिनीच्या बाबतीत हा देश किती हळवा आहे ते चागोसवरून कळतं. स्वातंत्र्याआधी १९६५ मध्ये इंग्रजांनी तो द्वीपसमूह तोडून घेतला आणि त्यातल्या दिएगो गार्सिया बेटावर अमेरिकेचा लष्करी तळ व्हावा म्हणून तिथल्या लोकांना घराबाहेर काढलं. मॉरिशसने पन्नासहून अधिक वर्षं दावा सोडला नाही. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने त्याच्या बाजूने मत दिलं, आणि २०२५ च्या मे महिन्यात ब्रिटनने सार्वभौमत्व परत करण्याच्या करारावर सही केली. अशा देशाने बेट ‘देऊन टाकलं’ असं लिहिलेला फोटो तुमच्या ग्रुपवर आला, तर तो तिथेच थांबवा आणि पाठवणाऱ्याला कारण सांगा.