‘तुमच्या शेतकऱ्याने केलं काय?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

लॅम्बोर्गिनी गाडीच्या जन्मावरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत : ‘इकडचं तिकडचं गोळा केलंय. इंजिन बिझारिनीचं, पैसा ट्रॅक्टरचा. तुमच्या शेतकऱ्याने केलं काय? लेखकाने कधी बॉनेट तरी उघडलंय का?’ शिवाय आपलं म्हणणं, या शेतकऱ्याच्या, म्हणजे फेरुच्चो लॅम्बोर्गिनीच्या, फेरारी गाड्या काढणाऱ्या एन्झो फेरारीशी झालेल्या भांडणाला साक्षीदार नाही, आणि १९६३ साली तुरिनच्या प्रदर्शनात होती ती ३५० जीटी नव्हे, तिच्या आधीचा नमुना ३५० जीटीव्ही.

जीटीव्हीचं मान्य. एक ‘व्ही’ राहिला होता, घातला.

आता बॉनेट. आमच्या घरचा ट्रॅक्टर क्लच बदलायला मधोमध तोडायचे, तेव्हा पाने हातात द्यायला मीच असायचो. रिव्हेट वर येईस्तोवर झिजलेली प्लेट आणि तो जळका वास मी कुठून गोळा केलेला नाही. आपण काय काय उघडलंत, ते मात्र प्रतिक्रियेत दिसलं नाही. असो.

‘केलं काय?’ फेरुच्चो इटलीतल्या रेनात्सो गावच्या शेतकरी घरातला खरा, पण महायुद्धात ऱ्होड्स बेटावर हवाईदलाच्या गाड्या दुरुस्त करत होता. परतल्यावर लष्कराच्या भंगारातल्या भागांतून त्याने ट्रॅक्टर उभे केले. पेट्रोल महाग, म्हणून इंजिन पेट्रोलवर सुरू करून डिझेलवर चालवायची सोय केली. १९४८ साली चेंतोला कारखाना काढला. पुढे त्याच्या फेरारीचा क्लच सारखा जायला लागला; खोलून बघितला तर आपल्याच ट्रॅक्टरला बसतो तसला निघाला, असं तो स्वतः सांगायचा. नुसता पैसेवाला असता तर दुसरी गाडी घेऊन मोकळा झाला असता!

साडेतीन लिटरचं, बारा सिलिंडरचं व्ही-१२ इंजिन बिझारिनी या इंजिनिअरचंच, कोण नाही म्हणतंय? पण त्याने दिलं ते शर्यतीचं इंजिन, मिनिटाला ९,८०० फेऱ्यांपर्यंत ताणलेलं. तुरिनला तर ते बॉनेटखाली मावेना, म्हणून गाडी इंजिनाशिवायच मांडली. फेरुच्चोला रस्त्यावर निवांत पळणारी गाडी हवी होती आणि तो हटला नाही. मग दालारा आणि स्तान्झानी या त्याच्या इंजिनिअरांनी ते इंजिन नरमवलं, तेव्हा कुठे १९६४ ची ३५० जीटी झाली. हा हट्ट धरायला इंजिनातलं कळावं लागतं, साहेब.

भांडणाबद्दल मी ‘म्हणतात’ असंच लिहिलंय. पुन्हा वाचा, या वेळी चष्मा लावून.

पुढचा लेख लॅम्बोर्गिनीच्याच मिउरा या गाडीवर आहे. तिचं आडवं बसवलेलं इंजिनही फेरुच्चोचं नाही. दालारा, स्तान्झानी आणि गाड्यांची चाचणी घेणारा बॉब वॉलेस यांची ती कल्पना. आधीच सांगून ठेवतो, तेवढीच आपली एक प्रतिक्रिया वाचेल.