‘महागडं घड्याळ नसेल तर मॅरेथॉनचा सराव वाया’: हे खरं नाही

मुंबई मॅरेथॉन जवळ आली की पळणाऱ्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. त्याचं सार असं: गांभीर्याने पळायचं तर पन्नास हजारांच्या घरातलं जीपीएस घड्याळ हवंच. स्वस्तातलं अंतर चुकवतं. महागड्याचा हृदयगती मोजणारा सेन्सर छातीला बांधायच्या पट्ट्याइतका अचूक असतो. व्हीओटू मॅक्स (शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं तो आकडा) आणि पळण्यानंतरच्या विश्रांतीचे तास ते मोजून देतं, तेवढंच ऐकायचं. आणि बॅटरी मोठी नसेल तर भर शर्यतीत घड्याळ बंद पडतं. पहिल्या दहा किलोमीटरची तयारी करणारी मुलं-मुली हे वाचून हप्त्यांवर घड्याळ घेतात, म्हणून हे मुद्दे नीट तपासायला हवेत.

आधी गांभीर्याचं बघू. जीपीएसचा पहिला उपग्रह फेब्रुवारी १९७८ मध्ये सुटला. त्याच वर्षी शिवनाथ सिंह यांनी जालंधरला २ तास १२ मिनिटांत मॅरेथॉन पूर्ण केली, आणि तो राष्ट्रीय विक्रम चाळीस वर्षांहून जास्त काळ टिकला. गार्मिन कंपनीचं पळणाऱ्यांसाठीचं पहिलं जीपीएस घड्याळ, फोररनर, आलं २००३ मध्ये. मधली पंचवीस वर्षं जगभरचे धावपटू साधं स्टॉपवॉच आणि मोजलेला रस्ता यांच्या भरवशावर तयार होत होते.

आता अंतर. या मुद्द्यात मेसेजचा सगळा भर ‘ड्युअल फ्रिक्वेन्सी’वर आहे. उपग्रहाकडून एकाऐवजी दोन वारंवारितांवर सिग्नल घेतले, की उंच इमारतींवर आपटून उशिरा पोचलेला सिग्नल ओळखणं सोपं जातं. मुंबईच्या पेडर रोडला याचा खरोखर उपयोग होतो. साताऱ्याच्या यवतेश्वर घाटातही होतो, कारण एका अंगाच्या डोंगरावरही सिग्नल आपटून उशिरा पोचू शकतो. सी लिंकवर मात्र आकाश मोकळं, तिथे साधं जीपीएस पुरतं. आणि हे तंत्र फक्त महागड्या घड्याळांत मिळतं, हेही खरं नाही. २०२३ मध्ये आलेल्या कोरोस कंपनीच्या पेस ३ घड्याळात ते आहे; अमेरिकेत त्याची किंमत २२९ डॉलर होती. पुढच्या वर्षी गार्मिनचं फोररनर १६५ तिथे २४९ डॉलरना आलं, त्यात ते नाही. किंमत आणि अचूकता यांचं नातं मेसेजमध्ये सांगितलंय इतकं सरळ नाही.

शिवाय कितीही महागडं घड्याळ घेतलं तरी शर्यतीत मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर दिसतीलच असं नाही. प्रमाणित मार्ग सायकलच्या चाकाला काउंटर लावून, वळणाच्या कडेपासून ३० सेंटिमीटरवरून, सगळ्यात जवळच्या वाटेने मोजतात. वर कमी भरू नये म्हणून हजारात एक भाग, म्हणजे ४२ मीटर, जास्त धरतात. आपण गर्दीतून वाट काढत, पाण्याच्या टेबलाकडे वळत पळतो. घड्याळ सेकंदा-सेकंदाचे ठिपके जोडतं, आणि ठिपका जरा इकडेतिकडे पडला की अंतर वाढतं. त्यामुळे शेवटी ४२.६ दिसलं तर लगेच आयोजकांवर चिडू नका. पण याचा हिशेब आधी करा. चार तासांत संपवायचं तर किलोमीटरला ५ मिनिटं ४१ सेकंदांचा वेग लागतो. हाच वेग घड्याळात बघून पळलात आणि घड्याळाचं अंतर ४२.६ भरलं, तर दोन मिनिटांहून जास्त उशीर होतो. यावरचा उपाय फुकट आहे: ऑटो लॅप (दर किलोमीटरला घड्याळाने आपोआप घेतलेली वेळेची नोंद) बंद करा आणि प्रत्येक किलोमीटरच्या पाटीशी लॅपचं बटण स्वतः दाबा. निघण्याआधी उघड्यावर मिनिटभर थांबून सिग्नल मिळू द्या, त्यानेही बराच फरक पडतो.

हृदयगतीचा दावा सगळ्यात घातक, कारण त्यावरच लोक रोजचा वेग ठरवतात. मनगटावरचा सेन्सर हिरवा प्रकाश त्वचेत सोडतो आणि रक्ताच्या प्रवाहाबरोबर परतणारा प्रकाश किती बदलतो ते बघतो. हात हलला, पट्टा सैल असला, थंडीने हात गार पडले की तो फसतो. कधीकधी पावलांचा ताल हाच हृदयाचा ठोका समजतो. मिनिटाला १७० पावलं पडत असतात आणि निवांत पळतानाही घड्याळ १७० दाखवतं. नवखा माणूस घाबरून चालायला लागतो. छातीचा पट्टा हृदयाचे विद्युत संकेतच टिपतो. इंटरव्हल, म्हणजे आळीपाळीने जोरात आणि हळू पळण्याचा सराव, करताना साधं घड्याळ आणि पट्टा ही जोडी नुसत्या महागड्या घड्याळापेक्षा सरस ठरते. घड्याळाला पट्टा जोडता येतो का, एवढं घेण्याआधी विचारा.

त्यातच बरीच घड्याळं कमाल हृदयगती ‘२२० वजा वय’ या सूत्राने धरतात. साठीच्या माणसाला त्यातून १६० मिळतात, तर २००१ च्या सुधारित सूत्राने १६६. आणि प्रत्यक्षात एकाच वयाच्या दोन माणसांत वीस ठोक्यांचा फरकही सहज असतो. झोनचे, म्हणजे हृदयगतीनुसार पाडलेल्या मेहनतीच्या पातळ्यांचे, सगळे रंग या एका आकड्यावर उभे असतात. सोप्या पळण्यात पूर्ण वाक्यं बोलता येतायत का, ही कसोटी मला जास्त भरवशाची वाटते.

व्हीओटू मॅक्स घड्याळ मोजत नाही, अंदाज करतं. मोजायचं तर प्रयोगशाळेत तोंडाला मास्क लावून, श्वासातल्या वायूंचं प्रमाण तपासत पळावं लागतं. घड्याळ फक्त वेग आणि हृदयगती यांचा मेळ बघतं. मे महिन्यात मुंबई-कोकणच्या दमट हवेत त्याच वेगाला ठोके वाढतात आणि काही घड्याळं तुमची क्षमता घटल्याचं सांगतात. प्रत्यक्षात बदललेली असते ती हवा. विश्रांतीच्या तासांचंही तेच. रात्रभर एसटीत बसून आलात, घरी आजारपण आहे, हे घड्याळाला कोण सांगणार? अंग जड वाटत असेल तर आकडा हिरवा असला तरी थांबा.

बॅटरीचा मुद्दा मॅरेथॉनपुरता निराधार आहे. फोररनर ५५ सारखं नवख्यांसाठीचं घड्याळही कंपनीच्या आकड्यांनुसार जीपीएस चालू ठेवून २० तासांपर्यंत टिकतं. दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्स या मॅरेथॉनहून कितीतरी लांब शर्यतीची मुदतच १२ तासांची. चोवीस तासांच्या शर्यती पळणाऱ्यांनी आणि नकाशा बघत सह्याद्रीत भटकणाऱ्यांनी जास्त पैसे जरूर मोजावेत, त्यांना ती सोय वापरायला मिळते.

एका गोष्टीबद्दल मात्र मेसेज अवाक्षर काढत नाही: बटणं. जुलैच्या पावसात ओल्या बोटांनी टचस्क्रीन धड चालत नाही, लॅप लागत नाही, कधी पळणं मध्येच थांबवलं जातं. दुकानात घड्याळ हातात घ्या, स्क्रीनला बोट न लावता सुरू, लॅप आणि बंद करून बघा. उरलेल्या पैशांत आधी बूट, मग छातीचा पट्टा.