माळ रिकामा नाही रे बाबांनो, गवत आहे त्यात

तीन एकर माळ आहे माझा, दहिवडीच्या पुढं, आजोबांपासूनचा. आणि किती वर्षं झाली मी भेटेल त्याला एकच सांगतोय की ती जागा रिकामी नाही, त्यात गवत आहे आणि ते मुद्दाम राखलंय. पण नाही. 'पडीकच पडलंय की तुमचं' ऐकलं की आता कानशिलं तापतात माझी.

परवा सकाळी जाऊन बघतो तर मधोमध जेसीबीनं पुरुषभर खड्डा घेतलेला, मुरूम गायब, ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या थेट डांबरीपर्यंत, वर बांधावरचं बोरीचं झाड पण मोडून ठेवलेलं. कुणी नेला ते सगळ्या गावाला माहितीय पण विचारलं की 'आम्ही काय बघितलं नाय आण्णा'. तक्रार द्यायला गेलो तर साहेब शांतपणे म्हणतात, उत्खनन तुमच्या गटात झालंय, पंचनामा झाला तर नोटीस पहिली तुमच्याच नावानं निघंल. म्हणजे चोरी माझी झाली, आणि बाजारभावाच्या पाच पटीपर्यंत दंड पण मलाच, नाही भरला तर सातबाऱ्यावर बोजा! चहा पाजून आभार मानायचे राहिले होते फक्त.

त्या सातबाऱ्याचं तर बोलूच नका. निम्म्या माळापुढं 'पोटखराबा' लिहिलंय, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन. खराबा! ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवर फोटो काढून शेतात काय आहे ते नोंदवायचं, 2021 ला आल्यापासून दरसाल भर उन्हात मोबाइल वर धरून रेंज शोधत उभा राहतो, फोटोत गुडघ्याएवढं गवत दिसतंय आणि खाली मी स्वतःच्या हातानं 'पड' निवडतोय.

अरे त्यात मारवेल आहे, पवन्या आहे, कडंला कुसळी आहे. कुसळी दिवाळीच्या आसपास वेळेत कापली तर वैरण, आठ-दहा दिवस उशीर केला की कुसळ पिकून तांबूस होतंय, एकात एक पीळ पडून गुंता होतोय, मग जनावर तोंड लावत नाही आणि तुमची पँट संध्याकाळी घरी बसून चिमट्यानं साफ करावी लागती. राखायला अक्कल लागती, आपोआप होत नाही हे. 2019 ला म्हसवडला चारा छावणी लागली होती तेव्हा हेच पडीक म्हणणारे माझ्या गंजीपुढं उभे राहून 'दोन पेंढ्या द्या की आण्णा' करत होते. दिल्या. विसरले.

फाल्गुनात कुणीतरी काडी लावणारच, का तर जाळलं की गवत जोमात येतंय म्हणे. चंडोलाची घरटी जमिनीवर असतात ती गेली त्यात, पण त्याचं कुणाला काय. मागच्या पावसाळ्यात तर एका मंडळानं न विचारता येऊन गिरिपुष्पाचे खड्डे मारले, फोटो काढले, वडापाव खाल्ले, गेले. मी बोललो तर म्हणतात, 'झाडं लावायला पण विरोध?' आरं पण माझ्या गवतात का, तुमच्या उसात लावा की!

आणि दाजी प्रत्येक लग्नात भेटले की, 'काय करतोयस त्याचं, एनए करून प्लॉट पाड.' दाजी, तिथं प्यायला पाणी नाही, प्लॉट कुणाला विकू, कुसळाला?

खरं सांगू, विचारून येणारा एकच माणूस आहे, मेंढरं घेऊन येणारा धनगर. कापणी झाली की येतो, बांधावरून हाक मारतो, चार रात्री मेंढरं बसवतो, खत पडतं, जातो. गावात बदनामी मात्र त्याचीच, मेंढरांनी माळ खाल्ला म्हणून.

आज परत गेलो खड्डा मोजायला. कुणीतरी त्यात लग्नातल्या पत्रावळ्या आणि प्लॅस्टिकचे ग्लास ओतून गेलंय.