एका स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर: आयपी ६५ चा बॉक्स आणि वरून पाडलेलं भोक

दादा, नमस्कार.

आमच्याकडून घेतलेल्या मोटर स्टार्टरच्या पत्र्याच्या बॉक्सबद्दल तुम्ही दिलेला एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. मृगाचा पहिला पाऊस होऊन पुढं पावसानं ओढ दिली, ऊस पाण्याला आला आणि नेमकी तेव्हाच तुमची मोटर बंद पडली. तुम्हाला जो त्रास झाला त्याबद्दल मनापासून दिलगीर आहे. फोन उचलला नाही असं तुम्ही लिहिलंय. त्या दुपारी मी मागं शेडमध्ये पत्रा कापायच्या शिअरिंग मशीनवर होतो, तिथं रिंग ऐकू येत नाही. संध्याकाळी मिस कॉल बघून मीच तुम्हाला फोन लावला होता आणि आपलं बोलणंही झालं. ते रिव्ह्यूत आलेलं नाही, असो.

पण तुम्ही पुढं जे लिहिलंय ते मला सोडून देता येत नाही. "आयपी ६५ सांगून ५५ चा बॉक्स गळ्यात मारला, अकराशे रुपये जादा घेतले, पहिल्याच पावसात आत पाणी, कॉन्टॅक्टर जळाला, सरळ सरळ फसवणूक." (कॉन्टॅक्टर म्हणजे मोटरची वीज जोडणारा-तोडणारा स्विच.) कोल्हापूरच्या उद्यमनगरात वडिलांनी पत्र्याच्या एका प्रेसवर हे काम सुरू केलं. शेजारपाजारचे पॅनेलवाले, फौंड्रीवाले, शेतकरी सगळे नावानं ओळखतात. फसवणूक हा शब्द आमच्या दुकानाला आजवर कुणी लावला नव्हता.

आधी त्या आकड्यांचं सांगतो. आयपीचा आकडा म्हणजे बॉक्स धूळ आणि पाणी किती अडवतो त्याचं माप. ५५ काय आणि ६५ काय, त्यातला दुसरा आकडा पाण्याचा असतो आणि तो दोन्हीत ५ च आहे. म्हणजे पाण्याची परीक्षा दोघांची एकच. आयएस/आयईसी ६०५२९ या मानकात ती दिलेली आहे: ६.३ मिलिमीटरच्या नोझलमधून मिनिटाला साडेबारा लिटर पाणी, अडीच ते तीन मीटरवरून, सगळ्या बाजूंनी, कमीत कमी तीन मिनिटं. एवढं करून नुकसान होईल असं पाणी आत जाता कामा नये. फरक आहे तो पहिल्या आकड्यात, आणि तो धुळीचा. ५ असेल तर थोडी धूळ आत गेली तरी चालते, फक्त तिनं कामात अडथळा आणायचा नाही. ६ असेल तर आतली हवा पंपानं ओढत, टाल्कम पावडरीच्या धुरळ्यात बॉक्स आठ तासांपर्यंत ठेवतात आणि उघडल्यावर आत पावडरीचा कणही दिसता कामा नये. तेव्हा मी तुम्हाला समजा खरंच ५५ दिला असता, तरी पावसाचं पाणी त्यामुळं आत आलं नसतं. दिलाय मात्र ६५ च. त्या मॉडेलच्या नमुन्याचा एनएबीएल (लॅबना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त लॅबचा रिपोर्ट दुकानात फाईलला लावलेला आहे, कधीही येऊन बघा.

आता अकराशे रुपयांचं. त्या दिवशी काउंटरवर मी स्वतः तुम्हाला म्हणालो होतो की नदीकाठाला ५५ चालतोय, तिथं वाळूची नाही की कोळशाची धूळ नाही. शिरोलीच्या फौंड्रीत काळी धूळ उडते, ती आत टर्मिनलवर बसली की शॉर्ट करते, तिथं ६५ शिवाय मी देतच नाही. गुऱ्हाळावर चिपाडाचा भुसा असतो, तिथंही तेच. तुम्ही म्हणालात, भावकीतल्यांनी ६५ घेतलाय, मला पण तोच पाहिजे. गिऱ्हाईक चांगला माल मागत असताना हलका घ्या म्हणून मी किती आग्रह धरायचा? रिव्ह्यूत ज्या दुसऱ्या दुकानाचा भाव तुम्ही लिहिलाय तिथला बॉक्स मी बघितलेला नाही, त्यावर बोलणार नाही. आमच्या बॉक्सला दाराच्या आतून ओतीव पीयू फोमचं गॅस्केट (दाराची फट बंद करणारी मऊ कड) आहे, कुठंही सांधा नाही. पट्टी कापून चिकटवलेल्या रबराचे कोपरे दोन उन्हाळ्यांत उचलतात. पैसे त्याचे लागतात.

आणि आता मूळ गोष्ट, जी तुमच्या रिव्ह्यूत कुठंच नाही. फोन झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी आमचा मुलगा तुमच्या मळीत (नदीकाठच्या रानात) आला होता. तुमच्यासमोरच त्यानं दार उघडलं. गॅस्केट चारी बाजूंनी कोरडं होतं, त्यावर पत्र्याच्या कडेचा दाब सलग उमटलेला होता, कुठं तुटलेला नव्हता. म्हणजे दारातून थेंब आलेला नाही. पण बॉक्सच्या माथ्यावर, डाव्या कोपऱ्यात, बोट जाईल एवढं भोक होतं. मोबाईलवरून मोटर चालू-बंद करणाऱ्या स्टार्टरची अँटेना आत घेण्यासाठी तुमच्या वायरमननं ते पाडलं आणि वरून सिलिकॉन फासलं. ना ग्लँड (वायर आवळून भोक बंद करणारा नट), ना ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसवायचं रबर). ड्रिलची बुरसुद्धा (भोकाच्या कडेची धार) तशीच होती. त्या भोकापासून मागच्या प्लेटवरून एक गंजकट ओघळ सरळ खाली आला होता आणि बरोबर कॉन्टॅक्टरच्या डोक्यावर संपत होता. मुलानं फोटो काढलेत, माझ्याकडं आहेत. तुम्ही इथं टाकलेला फोटो समोरून काढलेला आहे, त्यात माथा दिसतच नाही.

दादा, आयपीचा आकडा हा दुकानातून निघालेल्या बंद बॉक्सचा असतो. त्यात एक जरी भोक उघडं राहिलं तर ६५ कुठला आणि ५५ कुठला, काहीच शिल्लक राहत नाही. म्हणून तर वायर आत घ्यायला बॉक्सच्या बुडाला वेगळी ग्लँड प्लेट दिलेली असते. चार स्क्रू काढायचे, प्लेट बाहेर घ्यायची, तिला भोक पाडायचं, वायरच्या जाडीची ग्लँड बसवायची आणि तिचं रबर वायरीला आवळेपर्यंत नट पिळायचा. ग्लँडही ६५ किंवा त्याच्या वरचीच पाहिजे. बाहेर वायरला खाली झोल द्यायचा, म्हणजे वायरीवरून येणारं पाणी तिथंच गळून जातं. अँटेनाची वायर बारीक असते, तिला बारीक ग्लँड मिळते, लक्ष्मीपुरीत कुठल्याही इलेक्ट्रिकलवाल्याकडं विचारा. माथ्यावरून वायर म्हणजे पावसाला वाट करून देणं. पत्र्यावरच्या पावडर कोटिंगला (रंगाला) सिलिकॉन नीट धरून राहीलच असं नाही. दिवसा पत्रा तापतो, रात्री गार होतो, त्यात ते कडेनं सुटतं.

शिवाय एक बारकावा आहे जो पुष्कळ वायरमनांनाही माहीत नसतो. मोटर चालू असताना बॉक्समधली हवा गरम होते. त्यात एकदम सर आली की पत्रा गार पडतो, आतली हवा आकसते आणि जिथं फट मिळेल तिथून बाहेरचं ओढून घेते. भोकापाशी पाणी साचलेलं असेल तर पाणीच आत ओढलं जातं. हवेबरोबर दमट वारा आत आला की रात्री त्याचे दवासारखे थेंब बनतात. या थेंबांची परीक्षा आयपीच्या मानकात होत नाही, गंजाची नाही, उन्हाचीही नाही. आमच्याकडं पावसाळी भागातलं गिऱ्हाईक आलं तर आम्ही हवा जाईल पण पाणी जाणार नाही असा ब्रीदर बसवायचा सल्ला देतो. तुम्हालाही दिला होता. तुम्ही म्हणालात, नंतर बघू.

खाली कॉमेंटमध्ये तुमच्या पाहुण्यांनी विचारलंय, ६७ का नाही दिला, पुरात बुडाला तरी चालला असता. नसता चालला. ६७ ची परीक्षा म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, तेही स्वच्छ पाण्यात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून ४३ च्या धोका पातळीकडं निघाली की मळीतलं रान दिवसेंदिवस गढूळ पाण्याखाली असतं, अर्धा तास नव्हे. तिथं पॅनेल सोडवून वर आणणं हाच उपाय आणि नदीकाठचे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या तेच करत आलेत. आणखी एक, ६७ लिहिलेला बॉक्स पाण्याच्या फवाऱ्याला टिकेलच असं नाही. बुडवण्याची परीक्षा वेगळी, फवाऱ्याची वेगळी. दोन्ही पास असेल तर ६५/६७ असं दोन्ही लिहावं लागतं. आकडा मोठा म्हणून माल भारी, हा समज सोडा.

तुमच्या वायरमनला दोष द्यायचा नाही मला. गावोगाव असंच काम चालतं, कुणी त्यांना सांगितलेलं नसतं. इथून पुढं बॉक्ससोबत मराठीत सूचना द्यायचं आमच्या मनात आहे, फोनचंही काहीतरी बघतो.

जळालेल्या कॉन्टॅक्टरचे पैसे देणं मला जमणार नाही, ते मी फोनवरही सांगितलं होतं आणि तुम्हाला राग आला तो तिथंच. पण बॉक्स घेऊन या. माथ्यावरच्या भोकाला पट्टी वेल्ड करून, घासून, रंग मारून देतो, बुडाच्या प्लेटला नवी ग्लँड बसवतो, ब्रीदर टाकतो. मजुरी घेणार नाही. सकाळी साडेनऊला शटर उघडतो. वायरमनला बरोबर आणलंत तर अजून बरं, त्याच्यासमोरच करू.

रिव्ह्यू काढा असं म्हणणार नाही, तो तुमचा हक्क आहे. फक्त त्यात बॉक्सच्या माथ्याचा फोटोही टाका.