कुंपणाला बांबू लावून शेजारचा आवाज निम्मा होत नाही

रो-हाउस आणि बंगल्यांच्या सोसायट्यांतल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक सल्ला पुन्हा पुन्हा फिरतो. कंपाउंडला लागून बांबूची किंवा उंच अशोकाची दाट रांग लावा, शेजारचा आवाज निम्मा होईल. भिंत बुटकी असेल तर वर पत्रा ठोका. आतून अंड्यांचे ट्रे चिकटवा. त्यानंतरही त्रास झाला तर रात्री दहा वाजेपर्यंत गप्प बसा, कारण तोवर कायदा शेजाऱ्याच्या बाजूने आहे. दहानंतर मोबाइलवरचं डेसिबलचं रीडिंग पोलिसांना दाखवा की काम झालं. लोक हे वाचून हजारो रुपये घालतात आणि आवाज होता तिथेच राहतो, म्हणून एकेक मुद्दा तपासून घेऊ.

‘दाट झाडी आवाज अडवते’

आवाज कानाला निम्मा वाटायचा तर तो साधारण १० डेसिबलने उतरावा लागतो. ३ डेसिबलचा फरक जेमतेम जाणवतो. बाहेरच्या आवाजाचं गणित मांडायला वापरतात त्या आयएसओ ९६१३-२ या मानकात झाडीचा हिशेब दिलेला आहे. पलीकडचं काहीही दिसणार नाही इतकी दाट झाडी धरली, तरी आवाज तिच्यातून १० ते २० मीटर गेल्यावर बोलण्याच्या पट्ट्यात, म्हणजे ५०० ते २००० हर्ट्झला, घट धरली आहे अवघी १ डेसिबल. १२५ हर्ट्झच्या ढोबळ, म्हणजे खालच्या पट्टीच्या आवाजाला शून्य. १० मीटरपेक्षा कमी जाडीच्या झाडीला हे मानक काहीच श्रेय देत नाही. आपल्या कंपाउंडलगतची बांबूची रांग फार तर मीटरभर जाडीची असते. उंच अशोक तर वाढला की बऱ्याचदा खालून उघडा पडतो, आणि गप्पांचा, भांड्यांचा, स्पीकरचा आवाज नेमका त्या उंचीवरून येतो.

झाडीने आडोसा मिळतो, धूळ अडते, वाऱ्यात पानं सळसळली की पलीकडची कुजबुज थोडी झाकली जाते. यासाठी कुंती, मेंदी किंवा बांबू जरूर लावावा. बांबू मात्र बेट करून वाढणाऱ्या जातीचा घ्या आणि भिंतीपासून किमान मीटरभर आत लावा. पायाला खेटून लावलेलं बेट काही वर्षांत भिंत ढकलू लागतं. पानगळ शेजाऱ्याच्या गच्चीवरच्या पन्हाळीत साचली की पहिल्या पावसात पाणी तुंबतं आणि आवाजाच्या तक्रारीत आणखी एका तक्रारीची भर पडते.

‘भिंत उंच केली की प्रश्न मिटला’

या मुद्द्यात तथ्य आहे, पण अर्धंच. प्लास्टर केलेल्या चार इंची विटेच्या भिंतीतून आरपार फारच थोडा आवाज येतो. ऐकू येतो तो वरून वळून येणारा. म्हणून भिंतीच्या जाडीपेक्षा उंची महत्त्वाची, आणि ती उंची आवाजाचं उगमस्थान आणि तुमचा कान यांना जोडणाऱ्या सरळ रेषेच्या किती वर जाते यावर सगळं ठरतं.

एक उदाहरण घेऊ. शेजारी भिंतीपासून ५ मीटरवर, १.२ मीटर उंचीवर स्पीकर आहे. तुम्ही भिंतीपासून ४ मीटरवर खुर्चीत बसला आहात, कानही १.२ मीटरवर. ५०० हर्ट्झला १.५ मीटरची भिंत सुमारे ६ डेसिबल अडवते, २.४ मीटरची सुमारे १३. वूफरच्या १०० हर्ट्झला मात्र तीच २.४ मीटरची भिंत जेमतेम ८ देते, कारण लांब लहरी सहज वळतात. आता कान पहिल्या मजल्याच्या खिडकीत न्या, जमिनीपासून ४.५ मीटरवर. स्पीकर आणि खिडकी यांना जोडणारी रेषा भिंतीच्या जागी ३ मीटर उंचीवरून जाते. २.४ मीटरची भिंत त्या रेषेपर्यंत पोचतच नाही, म्हणजे वरच्या बेडरूमला तिचा उपयोग जवळपास नाही. स्पीकर खिडकीतून दिसतो का, एवढं बघितलं तरी निकाल कळतो.

शिवाय मुंबई वगळता राज्यात बहुतेक ठिकाणी लागू असलेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमांत कंपाउंड वॉलची उंची विशेष परवानगीशिवाय १.५ मीटरच आहे. २.४ मीटर करता येते, पण वरचा ०.९ मीटर भाग जाळीचा म्हणजे उघडा हवा. आवाजाच्या दृष्टीने ती जाळी असून नसल्यासारखीच.

पत्र्याचं म्हणाल तर आडोशाचं वजन दर चौरस मीटरला किमान १० किलो हवं. अर्ध्या मिलिमीटरचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पत्रा ४ किलोच्या आत भरतो, वर वाऱ्यात वाजतो तो वेगळाच. हिरव्या शेडनेटचा परिणाम शून्य.

जास्त उपयोगी उपाय असा: भिंत वाढवण्याऐवजी जड बोर्डाचा पडदा आपल्या बसण्याच्या जागेजवळ उभा करा. अडथळा उगमाजवळ किंवा कानाजवळ सगळ्यात चांगला चालतो, मधोमध सगळ्यात वाईट. वरच्याच उदाहरणात खुर्चीपासून १ मीटरवर २.१ मीटर उंचीचा पडदा उभा केला तर ५०० हर्ट्झला कागदावर १४ डेसिबल मिळतात, म्हणजे २.४ मीटरच्या भिंतीपेक्षा जास्तच. मागे घराची मोकळी भिंत असेल तर तिच्यावरून आवाज परततो आणि प्रत्यक्षात आकडा बराच खाली येतो, म्हणून त्या भिंतीवर दाट वेल चढवण्यापेक्षा खुर्चीची जागाच बदलून बघा.

पडद्यासाठी १२ मिमीचा सिमेंट-बाँडेड बोर्ड घ्या, दुकानात बायसन पॅनेल म्हणून मागतात. वजन चौरस मीटरला सुमारे १५ किलो. ५० × ५० मिमीचे एमएस (लोखंडी) चौकोनी पाइप १.२ मीटर अंतरावर, ६०० मिमी खोल काँक्रीटमध्ये उभे करा. सांध्यांवर ७५ मिमीची पट्टी दोन्ही बाजूंनी मारा. खाली फट सोडू नका, विटेचा एक थर लावून बुजवा. दोन्ही टोकं मीटरभर आत वळवून इंग्रजी यू अक्षरासारखा आकार द्या, नाहीतर आवाज बाजूने येतो. कापलेल्या कडा रंगाने बंद केल्या नाहीत तर पावसाळ्यात बोर्ड कडेने पाणी पितो आणि स्क्रू सैल होतात. साइड मार्जिनमध्ये, म्हणजे घर आणि कंपाउंड यांच्यामधल्या मोकळ्या सोडायच्या जागेत, पक्कं बांधकाम करण्याआधी नगरपालिकेत विचारून घ्या.

‘अंड्यांचे ट्रे’

खोलीतला वरच्या पट्टीचा घुमारा ते किंचित कमी करतात. बाहेरून येणारा आवाज अडवायला वजन लागतं आणि ते त्यांच्यात नाही. वर ते लगेच पेट घेतात. लावू नका.

सल्ल्यात मोटरचा उल्लेखच नाही

कुंपणापलीकडचा रोजचा त्रास बऱ्याचदा माणसांचा नसून पाण्याच्या मोटरचा असतो. मोटर कंपाउंड वॉलवर किंवा तिला चिकटलेल्या कट्ट्यावर बसवली की कंप भिंतीतून तुमच्या घरात उतरतो, आणि तो झाडीने, पडद्याने, कशानेही थांबत नाही. उपाय शेजाऱ्याच्या बाजूला आहे आणि स्वस्त आहे. ६०० × ४५० × १५० मिमीचा सुटा काँक्रीट ठोकळा, वजन साधारण १०० किलो. त्याखाली १०-१२ मिमीचे रेघांचे रबर पॅड. मोटरमधून पाणी बाहेर नेणाऱ्या पाइपला ३०० मिमी लवचीक होज, क्लँपमध्ये रबर. पाइप भिंतीतून जात असेल तर भोवतीची सिमेंट काढून फोम भरा. लेव्हल कंट्रोलर (टाकीतल्या पाण्याच्या पातळीवरून मोटर आपोआप चालू-बंद करणारं यंत्र) मध्यरात्री मोटर चालू करत असेल तर त्याच्यासोबत सीरिजमध्ये टायमर टाका, सकाळी ६ ते रात्री १०. खालच्या टाकीत साठा असतो, त्यामुळे पाणी पहाटे आलं तरी वर चढवायची घाई नसते. “काका, मी प्लंबर पाठवतो, खर्च अर्धा-अर्धा करू” असं म्हटलं तर बहुतेक जण तयार होतात.

‘रात्री दहापर्यंत काही करता येत नाही’

हे सरळ चूक आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रहिवासी भागात मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५. खासगी जागेतल्या साउंड सिस्टिमचा आवाज जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त वर जाता कामा नये, दिवसासुद्धा. लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते. सणांसाठी राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, पण ती सांस्कृतिक आणि धार्मिक उत्सवांपुरती, शेजारच्या वाढदिवसाला नाही. रात्री रहिवासी भागात फटाके आणि आवाज करणारी बांधकामाची यंत्रंही बंद हवीत.

तक्रार ११२ वर करा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. शेजारसंबंध बिघडतील म्हणून कचरत असाल तर जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तक्रारदाराची ओळख उघड न करण्याबद्दल पोलिसांना सांगितलं आहे, त्याचा उल्लेख करा.

‘मोबाइलचं रीडिंग हा पुरावा’

फोनचा माइक प्रमाणित केलेला नसतो, त्यामुळे नुसत्या त्याच्या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. पण नोंद ठेवायला अॅप उपयोगी आहे. एकाच जागी, एकाच फोनने, पाच मिनिटांची सरासरी घ्या, आवाज चालू असताना आणि बंद असताना. दोन्हींतला फरक आकड्यापेक्षा जास्त विश्वासार्ह असतो. वूफरचा त्रास असेल तर ए-वेटिंग, म्हणजे खालच्या पट्टीचा आवाज कमी धरणारी मोजण्याची नेहमीची पद्धत, फसवतं, कारण ते ६३ हर्ट्झला २६ डेसिबल वजा करतं. अॅपमध्ये सी-वेटिंग, म्हणजे खालच्या पट्टीचा आवाज फारसा न वगळणारी पद्धत, असेल तर तेही नोंदवा. सी आणि ए यांत १५-२० डेसिबलचं अंतर दिसलं तर ढोबळ आवाज जास्त आहे. तो पडद्याने फारसा थांबत नाही, तेव्हा शेजाऱ्याकडे वूफर जमिनीवरून उचलून जाड रबरावर ठेवायचा आणि तुमच्या भिंतीपासून लांब न्यायचा आग्रह धरा. तारीख, वेळ, कशाचा आवाज आणि किती वेळ चालला हे वहीत दोन आठवडे लिहा. पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देताना त्या पानांची प्रत जोडा आणि प्रमाणित मीटरने मोजणी करण्याची विनंती अर्जातच करा.