बर्फावरच्या हुलकावणीविषयी : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आइस हॉकीतील हुलकावणीवरचा माझा लेख आपण बारकाईने वाचलात, याबद्दल आभारी आहे. आपले म्हणणे असे की, कसलेला बचावपटू पकाकडे, म्हणजे खेळातल्या रबरी चकतीकडे, न पाहता समोरच्याच्या छातीकडे पाहतो, त्यामुळे काठीची करामत त्याच्यापुढे चालत नाही. शिवाय असल्या चकव्यांच्या नादाने मुले बचाव विसरतात, आणि सोलापुरात, जिथे बर्फाचे मैदानच नाही, तिथे चाकांच्या स्केट्सवर खेळणाऱ्या मुलांना पास शिकवलेला बरा.

छातीविषयीचे आपले निरीक्षण अचूक आहे, आणि म्हणूनच हुलकावणीची सुरुवात खांद्यांपासून करावी लागते. बचावपटू पाठमोरा सरकत असतो. वळायचे तर त्याला कंबर एका बाजूला उघडावी लागते, आणि स्केटची धार एकदा तिकडे रुतली की उलट बाजूला येण्याआधी त्याला स्वतःचा वेग मोडावा लागतो. आक्रमकाला तेवढाच क्षण पुरतो. ‘टो ड्रॅग’मध्ये पक मुद्दाम पुढे, बचावपटूच्या काठीच्या जेमतेम आवाक्यात ठेवतात, तो हिसकावण्यासाठी त्याने काठी पुढे टाकली, म्हणजे त्याचा तोलही पुढे गेला, की पात्याच्या टोकाने पक झटक्यात आपल्या पायांजवळ ओढून दुसऱ्या बाजूने निसटायचे. यात पक हे केवळ आमिष असते. स्वतःच्या निळ्या रेषेजवळ, म्हणजे आपल्या बचावाच्या भागाच्या सीमेवर, मागे कोणी नसताना, हे करू नये, हे अर्थातच मान्य.

बचाव विसरण्याच्या मुद्द्यावर मात्र मी ठामपणे असहमत आहे. डेट्रॉइट रेड विंग्ज या अमेरिकी संघाकडून खेळलेले पावेल दात्स्युक हुलकावण्यांसाठी जगभर ओळखले जातात, आणि बचावात सर्वोत्तम ठरणाऱ्या आघाडीपटूला दिले जाणारे सेल्के पारितोषिक त्यांनीच 2008 ते 2010 अशी सलग तीन वर्षे मिळवले. बचावपटू कशाला फसतो हे ज्याला आतून कळते, त्याला स्वतः बचाव करतानाही तेच ज्ञान उपयोगी पडते.

राहिला सोलापूरचा प्रश्न. चाके धारेसारखी आडवी घसरत नाहीत, त्यामुळे एकदम थांबणे वेगळे शिकावे लागते. पण नजर, खांदे आणि वेगातला बदल सिमेंटवरही तसाच शिकता येतो. पासही यातच येतो, कारण सहकाऱ्याकडे नुसते पाहिले तरी बचावपटूची काठी तो मार्ग अडवायला सरकते आणि दुसरी बाजू मोकळी होते. आपण मुलांना शिकवत असाल, तर एकदा बचाव करणाऱ्याची काठी काढून घेऊन त्याला केवळ पायांनी वाट अडवायला सांगावे, आणि समोरच्या मुलाला त्याचे पाय कोणत्या क्षणी वळतात एवढेच पाहायला लावावे.