बंद घरांचं काय?

भाडेकरू वाढले की गावपण जातं, असं एका लेखात म्हटलंय. आमच्या दापोलीकडे उलटंच दिसतं. भाड्याच्या खोलीत राहणारे शिक्षक, नर्सबाई शिमग्याला पालखी नाचवायला हजर असतात, त्यांची पोरं इथल्याच शाळेत. खरी पंचाईत बंद घरांची. पुणेकरांचे सेकंड होम सुट्टीपुरते उघडतात, आणि आमचे चाकरमानी तरी काय, गणपती झाले की कुलूप! जुन्या घराच्या सातबाऱ्यावर चुलत्या-आत्यांची ढीगभर नावं. सह्या जमत नाहीत, म्हणून विकताही येत नाही, भाड्यानेही नाही. वाशांना वाळवी लागते. खोती, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या खोतांची वतनदारी, 1949 च्या कायद्याने गेली, भाऊबंदकीच्या वाटण्या मात्र अजून तोंडीच. घरंच बंद, तर पाखाडी, म्हणजे गावातली दगडी पायवाट, साफ करायला मग माणसं आणायची कुठून? आधी वारसनोंदी लावा, भाडेकरूंना नंतर बोला.